वेधशाळेची जुनी नोंदवही आणि पवनचक्कीचा वारा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पवनऊर्जेविषयी आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळाली. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची, म्हणजे खात्याच्या कामकाजाला दीडशे वर्षे झाली. असे असताना एखाद्या पठारावर पवनचक्क्या उभारण्यापूर्वी तेथे नव्याने मनोरा रोवून वर्ष-दोन वर्षे वारा मोजत बसायचे, हा खर्च आणि हा वेळ कशासाठी, असा बहुतेक पत्रांचा सूर आहे. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: सातारा शहरातील वेधशाळेच्या आकड्यांवरून पाहिले, तर आमच्या भागात पवनचक्की चालण्याजोगा वारा नाही असेच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात शहरापासून तासाभराच्या अंतरावर चाळकेवाडीच्या आणि पुढे पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर शेकडो पवनचक्क्या फिरत आहेत. मग वेधशाळेचे आकडे चुकीचे मानायचे का? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर: वेधशाळेचे आकडे चुकीचे नाहीत, ते जिथले आहेत तिथलेच आहेत, इतकेच. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. चाळकेवाडी आणि वनकुसवडे ही पठारे सह्याद्रीच्या माथ्यावर, साधारण १,१०० मीटर उंचीवर आहेत. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून जो जोरकस वाऱ्याचा पट्टा द्वीपकल्पावर येतो, त्याचा गाभा जमिनीलगत नसून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. सह्याद्रीच्या माथ्यावरची पठारे या पट्ट्याच्या खालच्या अंगाला जाऊन भिडतात. शिवाय कड्यावरून वर चढताना हवा दाटीवाटीने पुढे सरकते आणि तिचा वेग आणखी वाढतो. खालच्या शहराच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. त्यामुळे नकाशावर वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावर असलेल्या या दोन जागा वाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश आहेत.

दुसरे कारण उंचीचे. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार वाऱ्याचा वेग मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजायचा असतो आणि जवळचा कोणताही अडथळा त्याच्या स्वतःच्या उंचीच्या किमान दहापट दूर असावा लागतो. आठ मीटर उंचीचे आंब्याचे झाड असेल, तर ते वेगमापकापासून ८० मीटर लांब हवे. ज्या काळी वेधशाळा गावाबाहेर माळावर होती, त्या काळी हा नियम सहज पाळला जात असे. पुढे गाव वाढले, कुंपणाला झाडे लागली, शेजारी इमारत उभी राहिली. वेधशाळा मात्र जागची हलली नाही. कृषी हवामान केंद्रांत तर वेगमापक पिकांच्या गरजेनुसार जमिनीपासून जेमतेम ३ मीटरवर बसवलेला असतो. तेथील आकडा बाष्पीभवनाच्या हिशेबासाठी उत्तम; शंभर मीटरवर फिरणाऱ्या पात्यांविषयी तो अगदी थोडे सांगतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट होते. त्यामुळे वेगाच्या सरासरीवरून ऊर्जेचा अंदाज बांधणे फसवे ठरते. एका जागी वारा अखंड ६ मीटर प्रतिसेकंद वेगाने वाहतो आणि दुसऱ्या जागी अर्धा वेळ ३ व अर्धा वेळ ९ मीटरने वाहतो असे धरा. दोन्हीकडे सरासरी ६ च येते. परंतु पहिल्या जागी घन २१६ येतो, तर दुसऱ्या जागी २७ आणि ७२९ यांची सरासरी, म्हणजे ३७८. सरासरी तीच असूनही ऊर्जा पावणेदोनपट भरते. वेधशाळेच्या वार्षिक कोष्टकात छापलेल्या एकाच सरासरी आकड्यावरून हा फरक कळण्याची सोय नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण पठाराचे गोडवे गाणारे ती सहसा सांगत नाहीत. उंचीवर हवा विरळ असते. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२२५ किलो भरते. १,१०० मीटरवर २५ अंशांना ते सुमारे १.०४ किलो होते. म्हणजे वेग तोच असला तरी पठारावरच्या वाऱ्यात ऊर्जा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असते. वाढलेला वेग ही तूट भरून काढून वर पुष्कळ शिल्लक टाकतो, हे खरे. पण हिशेबात ती धरलीच पाहिजे.

प्रश्न: वेधशाळांच्या नोंदींवरून देशाची पवनऊर्जा मोजण्याचा प्रयत्न पूर्वी झाला होता का? (एक निवृत्त अभियंता, पुणे)

उत्तर: झाला होता, आणि त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. अण्णा मणी १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. उपकरणे हा त्यांचा खास विषय होता. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी सौर आणि पवन ऊर्जेच्या मोजमापाला वाहून घेतले. खात्याच्या वेधशाळांतील वाऱ्याच्या नोंदी संकलित करून ऊर्जेच्या अंगाने मांडण्याचे त्यांचे काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळी दुसरी माहितीच हाताशी नव्हती आणि त्या कोष्टकांनी एक गोष्ट स्पष्ट केली: बहुतेक वेधशाळा शहरांत, विमानतळांवर आणि शेतीच्या केंद्रांत आहेत, जिथे वारा खरोखर जोराचा आहे, तिथे मोजणारे कोणी नाही. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खास पवनऊर्जेसाठी २० ते २५ मीटर उंचीचे मनोरे देशभर उभारण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. पुढे मनोरे ५० मीटरचे झाले, त्यानंतर १०० मीटरचे. १९८६ मध्ये देशातील पहिले प्रात्यक्षिक पवनप्रकल्प उभे राहिले, त्यांत गुजरातमधील ओखा आणि तामिळनाडूतील तुतिकोरीन यांच्याबरोबर आपली रत्नागिरीही होती. तेथील पवनचक्क्या प्रत्येकी ५५ किलोवॉटच्या होत्या. आज चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था हे मोजमाप पाहते. तिच्या अंदाजानुसार महाराष्ट्राची क्षमता १०० मीटर उंचीवर सुमारे ४५ गिगावॉट, १२० मीटरवर सुमारे ९८ आणि १५० मीटरवर सुमारे १७४ गिगावॉट आहे. राज्य तेच, डोंगर तेच. फक्त मोजण्याची उंची बदलल्यावर आकडा कुठल्या कुठे जातो, हे येथे पाहण्यासारखे आहे.

युरोपात याच सुमारास वेगळा मार्ग निघाला. डेन्मार्कमधील रिसो प्रयोगशाळेच्या पुढाकाराने १९८९ मध्ये युरोपचा पवन-नकाशा तयार झाला आणि तो मुख्यतः दोनशेहून अधिक चालू हवामान केंद्रांच्या नोंदींवरच उभा होता. पद्धत अशी: केंद्राभोवतीच्या इमारती, झाडे, जमिनीचा खडबडीतपणा आणि चढउतार यांचा परिणाम गणिताने वजा करायचा; उरेल तो त्या प्रदेशाचा निर्भेळ वारा मानायचा; मग प्रकल्पाच्या जागेचे अडथळे, खडबडीतपणा आणि चढउतार त्यावर पुन्हा चढवायचे. डेन्मार्कसारख्या सपाट देशात ही रीत फार चांगली चालली. सह्याद्रीच्या कड्यावर ती तशीच लावली तर फसते, कारण सरळसोट कड्यावर वारा भोवरे घेतो आणि ते त्या साध्या गणितात बसत नाहीत.

प्रश्न: आपल्या म्हणण्यावरून जुन्या नोंदी टाकाऊच ठरतात. तसे असेल तर सरळ सांगावे. आमच्या सहकारी संस्थेचा छोटा पवनप्रकल्प उभारण्याचा विचार आहे. वर्षभर मनोरा लावून मोजमाप केले आहे. बँक ‘पी-५०’ आणि ‘पी-९०’ असे दोन आकडे मागते. जवळच्या वेधशाळेच्या बारा-पंधरा वर्षांच्या नोंदी मिळण्यासारख्या आहेत. त्यांचा काही उपयोग? (सहकारी संस्थेचे एक संचालक, धुळे जिल्हा)

उत्तर: उपयोग आहे, आणि तो थेट पैशांत मोजता येतो. जुन्या वेधशाळेला ‘वारा किती’ असे विचारू नये. ‘हे वर्ष इतर वर्षांच्या मानाने कसे होते’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला देता येत नाही. दुसऱ्याचे तिच्याइतके चांगले उत्तर दुसरे कोणी देऊ शकत नाही, कारण त्या जागी त्या सर्व वर्षांत मोजणारे दुसरे कोणी नव्हतेच.

आपण वर्षभर मोजलात ते वर्ष वाऱ्याच्या दृष्टीने बरे होते की सुमार, हे आपला मनोरा सांगू शकत नाही; त्याने दुसरे वर्ष पाहिलेलेच नाही. पाठ्यपुस्तकांतील ढोबळ नियम असा की, एका वर्षाच्या मोजमापावरून काढलेली सरासरी दीर्घकालीन सरासरीच्या दहा टक्के आत-बाहेर असण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते. वेगातील दहा टक्के म्हणजे ऊर्जेत जवळजवळ तीस टक्के. वीस वर्षांचे कर्ज एवढ्या अनिश्चिततेवर कोणी देणार नाही आणि द्यायलाही नको.

आता वेधशाळेच्या वहीचा उपयोग पाहू. समजा, तिच्या बारा वर्षांच्या नोंदींची सरासरी ३.२ मीटर प्रतिसेकंद आहे आणि आपण मनोऱ्यावर मोजमाप केले त्या वर्षी तिच्याकडे ३.४ अशी नोंद झाली. म्हणजे ते वर्ष नेहमीपेक्षा वाऱ्याचे होते. आपल्या मनोऱ्यावर त्या वर्षी ६.८ ची सरासरी आली असेल, तर अगदी साध्या त्रैराशिकाने दीर्घकालीन सरासरी ६.८ गुणिले ३.२ भागिले ३.४, म्हणजे ६.४ येते. फरक ०.४ चाच दिसतो, पण घन काढला की न दुरुस्त केलेला अंदाज ऊर्जेत सुमारे २० टक्क्यांनी फुगलेला निघतो. पवनचक्कीचे उत्पादन पूर्ण क्षमतेचा वेग गाठल्यावर स्थिर होते, त्यामुळे प्रत्यक्ष विजेतील फरक याहून कमी असेल. तरी परतफेडीचे वेळापत्रक कोलमडायला तो पुरेसा आहे.

व्यवहारात त्रैराशिकावर भागत नाही. दोन्हीकडच्या एकाच काळातील नोंदी समोरासमोर ठेवून त्यांचा संबंध काढायचा आणि मग तो जुन्या वर्षांना लावायचा, ही रीत आहे. हा संबंध दिशेनुसार वेगवेगळा काढावा लागतो. साधारणपणे ३० अंशांचे बारा भाग करतात. वेधशाळेच्या पश्चिमेला टेकडी असेल तर पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा तिला दबलेला दिसेल आणि हिवाळ्यातला पूर्वेचा वारा मोकळा. दोन्हींना एकच गुणोत्तर लावले तर दोन्ही बिघडतात. महिन्यांच्या सरासरींत दोन्ही ठिकाणचे चढउतार बरोबरीने होत असतील तर वेधशाळा कामाची. नसतील तर बारा काय, पन्नास वर्षांच्या नोंदीही उपयोगाच्या नाहीत. येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडे जून ते ऑगस्ट वारा जोरात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मंद हे चक्र सगळीकडे सारखेच आहे. त्यामुळे कोणत्याही दोन ठिकाणांचे मासिक आलेख वरवर छान जुळतात आणि सल्लागार तो आलेख मोठ्या ऐटीने दाखवतात. खरी कसोटी ऋतुचक्र वजा केल्यावर लागते: या जुलैत वारा नेहमीच्या जुलैपेक्षा कमी होता, हे दोन्हीकडे एकाच वेळी दिसते का?

बँकेचे दोन आकडे याच अनिश्चिततेतून येतात. पी-५० म्हणजे जेवढे किंवा ज्याहून अधिक उत्पादन होण्याची शक्यता निम्मी आहे तो आकडा; पी-९० म्हणजे ज्याहून अधिक होण्याची शक्यता ९० टक्के आहे तो. समजा, पी-५० वर्षाला १०० लाख युनिट आहे. एकूण अनिश्चितता १५ टक्के असेल तर पी-९० सुमारे ८१ लाख येतो. वेधशाळेच्या नीट तपासलेल्या नोंदी जोडून अनिश्चितता १० टक्क्यांवर आणता आली, तर तोच आकडा सुमारे ८७ लाखांवर जातो. पवनचक्की तीच, वारा तोच. पण बँकेच्या हिशेबात वर्षाला सहा लाख युनिट वाढले. जुन्या वहीची किंमत ती एवढी.

प्रश्न: आमच्या प्रकल्पासाठी आम्ही एका जुन्या वेधशाळेच्या नोंदवह्या पाहत आहोत. त्यांत वारा दिवसातून दोनच वेळा, सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३० वाजता लिहिलेला आहे. चोवीस तासांपैकी दोन क्षणांवरून ऊर्जेचा हिशेब कसा करायचा? (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: त्या दोन क्षणांच्या वेगांवरून करू नका. सायंकाळी साडेपाच ही वेळ उन्हाळ्यात जमिनीलगतचा वारा अद्याप जोरात असण्याची आहे, सकाळी साडेआठ ही तो नुकता उठू लागण्याची. या दोहोंची सरासरी दिवसाची सरासरी असेलच असे नाही.

मात्र वहीत आणखी एक रकाना असतो, तिकडे विद्यार्थ्यांचे लक्ष सहसा जात नाही. जुन्या वाट्यांच्या वेगमापकाला खाली आकड्यांची चकती जोडलेली असते आणि वाऱ्याने किती किलोमीटर पल्ला कापला हे ती अखंड मोजत राहते. काल सकाळी साडेआठला तिच्यावर ४,५२१ होते आणि आज ४,८०९ आहेत असे धरा. फरक २८८. म्हणजे चोवीस तासांत २८८ किलोमीटर वारा वाहून गेला. ताशी १२ किलोमीटर, अर्थात सुमारे ३.३ मीटर प्रतिसेकंद. ही सरासरी दोन क्षणांची नसून पूर्ण दिवसाची आहे. निरीक्षकाने चकती दोनदाच वाचली असली तरी वाट्या रात्रभर फिरत होत्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदींतून विश्वासार्ह दैनिक सरासरी मिळते ती या रकान्यामुळे.

या रकान्यातून वेगाची वाटणी, म्हणजे किती तास मंद आणि किती तास जोराचा वारा, हे मिळत नाही. त्यासाठी वाटणीचा एक ठरावीक आकार गृहीत धरतात. वाऱ्याच्या अभ्यासात वापरले जाणारे वायबुल वितरण घेतले आणि त्याचा आकारांक २ धरला, तर वेगांच्या घनांची सरासरी ही सरासरीच्या घनाच्या १.९१ पट येते. आकारांक ३ धरला तर हा गुणक सुमारे १.४० होतो. पावसाळ्यात वारा एकसारखा वाहतो, म्हणून आकारांक मोठा; इतर महिन्यांत तो पडतो-उठतो, म्हणून लहान. वर्षभर एकच गुणक लावला तर नेमक्या सर्वाधिक वीज देणाऱ्या महिन्यांचा हिशेब फुगतो. आपल्या जवळ असलेल्या एखाद्या स्वयंचलित केंद्राच्या तासागणिक नोंदींवरून महिन्यावार आकारांक काढा आणि मग तो जुन्या वहीला लावा, हे अधिक बरे.

उंचीच्या बाबतीतही असाच विवेक हवा. १० मीटरवरून १०० मीटरचा वेग काढण्यासाठी घातांकाचा नियम वापरतात, म्हणजे दोन उंचींच्या गुणोत्तराचा एक ठरावीक घात घेऊन तेवढ्या पटीने वेग वाढवतात, आणि घातांक म्हणून एकसप्तमांश हा पाठ्यपुस्तकी आकडा डोळे मिटून घेतात. त्याने वेग १.३९ पट होतो. घातांक ०.२५ घेतला तर १.७८ पट. ऊर्जेत हे अनुक्रमे सुमारे २.७ पट आणि ५.६ पट झाले. एका गृहीतकाने उत्तर दुपटीने बदलते, तेव्हा ते उत्तर मोजलेले म्हणता येत नाही. शिवाय हा घातांक दिवसभर एकच नसतो. कोरड्या महिन्यांत सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, तळाची हवा थंड होऊन बसून राहते आणि वरच्या थराचा तिच्याशी असलेला घासटा सुटतो. मग वेधशाळेतल्या वाट्या थांबतात, निरीक्षक वहीत ‘शांत’ असे लिहितो आणि त्याच वेळी शंभर मीटरवर वारा दुपारपेक्षाही जोरात वाहत असू शकतो. पावसाळी ढगाळ हवेत हा फरक बराच पुसला जातो. म्हणून प्रकल्पासाठी मनोऱ्यावर निदान दोन-तीन उंचींवर वेगमापक हवेतच. वेधशाळेच्या दहा मीटरवरून गणिताने वर चढण्याचा मोह टाळावा.

प्रश्न: आमच्या भागातील वेधशाळेच्या तीस वर्षांच्या आलेखात वारा सतत कमी होत गेलेला दिसतो. हवामानबदलामुळे वारा खरोखर मंदावतो आहे का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर गोलार्धातील मध्य अक्षांशांवरच्या जमिनीवरील केंद्रांत १९७९ ते २००८ या काळात वारा ५ ते १५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्या घटीचा २५ ते ६० टक्के वाटा जमिनीचा खडबडीतपणा वाढल्याचा, म्हणजे मुख्यतः झाडी वाढल्याचा असावा, असा त्याच अभ्यासाचा अंदाज होता. पुढच्या दशकात अनेक ठिकाणी वारा पुन्हा वाढल्याचेही नंतर दिसून आले. तेव्हा आपल्या आलेखावरून हवामानबदलापर्यंत पोहोचण्याआधी वेधशाळेच्या आवारात जाऊन यावे.

वेगमापकाच्या बेअरिंगमध्ये धूळ बसली, किनाऱ्याजवळ असेल तर खारा गंज चढला, की वाट्या वर्षागणिक किंचित जड फिरतात. मंद वारा त्यांना हलवूही शकत नाही आणि ‘शांत’ नोंदी वाढत जातात. असा आलेख हवामानबदलासारखाच हळूहळू उतरतो. मग एके दिवशी उपकरण बदलले जाते आणि आलेख एकदम वर उडी मारतो. वेधशाळा एका आवारातून दुसऱ्या आवारात हलली, वाट्यांच्या जागी स्वयंचलित केंद्र आले, पूर्वी नॉटमध्ये घेतलेला आकडा पुढे ताशी किलोमीटरमध्ये लिहिला जाऊ लागला, अशा प्रत्येक बदलाचा ठसा आलेखावर उमटतो. एक नॉट म्हणजे ०.५१४ मीटर प्रतिसेकंद. एकक ओळखण्यात गफलत झाली तर वेग निम्मा किंवा दुप्पट होतो आणि अशा वह्या नाहीत असे नाही. ताडून पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे आसपासच्या दोन-तीन वेधशाळांशी आपल्या वेधशाळेचे वर्षावार गुणोत्तर मांडणे. वारा खरोखर मंदावला असेल तर सगळ्या एकत्र उतरतील आणि गुणोत्तर सपाट राहील. एकटीच उतरत असेल, तर दोष वाऱ्याकडे जात नाही.

प्रश्न: आता संगणकावर जगातील कोणत्याही ठिकाणचा अनेक दशकांचा तासागणिक वारा फुकट मिळतो. वेधशाळेच्या फाटक्या वह्या चाळण्याची गरज काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आपला रोख युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राच्या ‘ईआरए-५’ सारख्या, जुनी निरीक्षणे आणि संगणकावरील हवामानाचे गणित यांच्या मेळातून तयार केलेल्या संग्रहाकडे असावा. १९४० पासूनचा तासागणिक वारा, तोही १० आणि १०० मीटर उंचीवरचा, त्यात मिळतो. आज बहुतेक प्रकल्पांत दीर्घकालीन संदर्भ म्हणून तोच घेतात आणि ते योग्यच आहे. त्याची जाळी मात्र सुमारे ३१ किलोमीटरची आहे. एवढ्या एका चौकोनात कोकणाचा पायथा, घाटाचा कडा आणि देशावरचे माळरान सगळे मावते आणि कडा सरासरीत विरून जातो. शिवाय उपग्रह आले, निरीक्षणे वाढली, तसतसा संग्रहात घातलेला कच्चा मालही बदलत गेला. त्यामुळे त्यातील लांब पल्ल्याचे चढउतार वाऱ्याचे की मालाचे, हा प्रश्न राहतो. जमिनीवरील वेधशाळांचा १० मीटरवरचा वारा या संग्रहात थेट घेतला जात नाही. म्हणून तर वेधशाळा त्याच्यासमोर स्वतंत्र साक्षीदार ठरते. दोघांचे वर्षावार चढउतार जुळले तर दोघांवरही विश्वास ठेवावा.

प्रश्न: देवगड तालुक्यातील आमच्या सड्यावर घरापुरती लहान पवनचक्की बसवायची आहे. महसूल मंडळाच्या ‘महावेध’ केंद्राचे आकडे पुरतील का? शिवाय जुन्या नोंदी मागवायच्या तर कोठे? (एक आंबा बागायतदार, सिंधुदुर्ग)

उत्तर: महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे मुख्यतः पाऊस आणि पीकविम्यासाठी, २०१७ पासून उभी राहिली आहेत. त्यांचा एक फायदा असा की राज्यात ती दोन हजारांहून अधिक आहेत, त्यामुळे एखादे आपल्या जवळ असणारच. तोटा असा की ती बहुधा गावात, सोयीच्या आवारात असतात. आपला सडा उघडा असेल तर केंद्रापेक्षा वारा अधिकच मिळेल. सड्याच्या समुद्राकडील बाजूला झाडांची रांग असेल तर तो कमीही मिळू शकेल. लहान चक्की तीन-साडेतीन मीटर प्रतिसेकंदाच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही, तेव्हा वर्षाच्या सरासरीपेक्षा ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांतील आकडे पाहा. त्या काळात वीज पुरणार नसेल, तर सौर पॅनल जोडीला धरूनच खर्चाचा अंदाज काढा. त्या महिन्यांत ऊन भरपूर असते, आणि पावसाळ्यात पॅनल मंदावले की चक्की जोरात असते.

जुन्या नोंदींसाठी हवामान खात्याच्या पुणे येथील राष्ट्रीय विदा केंद्राकडे (नॅशनल डेटा सेंटर) रीतसर मागणी करावी लागते. मागणी करताना केवळ वेगाचे आकडे मागू नका. त्याबरोबर वेगमापकाची जमिनीपासूनची उंची, उपकरण कोणत्या साली बदलले, वेधशाळा कधी हलली होती का आणि आकडा कोणत्या एककात आहे, हेही लेखी मागून घ्या. घरगुती चक्कीसाठी गेल्या दहा वर्षांच्या महिन्यावार सरासरी पुरतात. तासागणिक नोंदींचा खर्च करू नये. आणि चक्की घेण्याआधी सड्यावर एका बांबूला का होईना, पण चक्कीच्या उंचीवर साधा वेगमापक बांधून एक पावसाळा आणि एक हिवाळा तरी नोंद ठेवावी.